मतपेटी : अर्थ आणि इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात मी काहीतरी लिहावे असा समितीचा आग्रह पडला. मी काही लेखक नाही. कापडाच्या गिरणीत पाळ्या करणारा माणूस आहे. शाळेत दहावीपर्यंत गेलो. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या बैठकीत, वाचनालयात आणि लोकलच्या डब्यात उभ्याने वाचून. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय मला एका पोराने दिला. दर रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग असतो. बाबासाहेबांच्या निवडणुकीची हकिगत सांगताना माझ्या तोंडून 'मतपेटी' हा शब्द गेला. तर आठवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "काका, मतपेटी म्हणजे आपल्या दानपेटीसारखी असते का?" सगळी पोरं हसली. मीही हसलो. पण घरी जाताना मनात आलं की यात हसण्यासारखं काय आहे? या मुलाने मतपेटी पाहिलेलीच नाही. २००४ पासून लोकसभेला सगळीकडे यंत्र आलं. त्याच्या आईबापाचं पहिलं मतसुद्धा यंत्रातच गेलं असणार. ज्या पेटीसाठी आपल्या दोन पिढ्या झिजल्या ती पेटी कशी होती, तिच्यात काय पडायचं, हे सांगणारी माणसं आता आमच्या वयाची. म्हणून हा लेख.

शब्दापासून सुरुवात करू

'पेटी' हा आपला घरगुती शब्द. कपड्याची पेटी, बाजाची पेटी, औषधाची पेटी. त्याला 'मत' जोडलं की मतपेटी. मत म्हणजे आपला विचार, आपली पसंती. इंग्रजीतला 'बॅलट' हा शब्द इटालियन भाषेतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ लहान गोळी. पूर्वी गोळ्या टाकून मत मोजायचे म्हणून. म्हणजे त्यांचा शब्द टाकायच्या वस्तूवरून आला आणि आपला शब्द ती वस्तू ज्यात झाकली जाते त्यावरून. मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो. कारण मतदानात महत्त्वाचं आहे ते झाकण. आत काय पडलं ते मोजता यावं, पण कोणी काय टाकलं ते कळू नये.

याच्या शेजारचा शब्द 'मतदान'. हा शब्द आमच्या कार्यकर्त्यांना नेहमी खटकत आला. दान आपण विहारात देतो, भिक्खूंना देतो. ते आपल्या मनाचं. मत हा हक्क आहे, तो घेणाऱ्याच्या ओंजळीत दान म्हणून घालायचा नसतो. पण शब्द रूढ झाला, आता तोच वापरावा लागतो.

गुप्त मतदानाची मागणी आकाशातून पडलेली नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी मतदार सर्वांसमोर उभा राहून नाव सांगत असे. समोर जमीनदार, कारखानदार बसलेला. त्याच्या मनाविरुद्ध बोललं की खोली खाली करा, कामावरून चालते व्हा. तिथल्या कामगारांच्या चळवळीने १८३८ साली जी सनद काढली तिच्यात सहा मागण्या होत्या आणि त्यांतली एक होती गुप्त मतदानाची. कायदा व्हायला १८७२ साल उजाडलं. म्हणजे पेटीची मागणी ही मालकाची कधीच नव्हती, ती गिरणीत राबणाऱ्यांची होती. मालकाला झाकायचं काय कारण? झाकावं लागतं ते ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे त्याला.

भगवंताच्या संघातली शलाका

आता कोणी म्हणेल, हे सगळं साहेबांकडून आलं. तसं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की भिक्खू संघ म्हणजे एक प्रकारची संसदच होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम संघाला माहीत होते. हे नुसतं अभिमानाने बोललेलं वाक्य नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ते सविस्तर आहे.

संघात वाद मिटला नाही तर बहुमत घेत. त्याला पालीत 'येभुय्यसिका' म्हणतात. त्यासाठी लाकडाच्या काड्या असत, त्यांना शलाका म्हणत. दोन पक्षांच्या दोन रंगांच्या शलाका. त्या वाटायला एक भिक्खू नेमत. तो कसा असावा? जो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वागत नाही, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे ज्याला समजतं, असा. मित्रांनो, निवडणूक अधिकाऱ्याची यापेक्षा चांगली पात्रता मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

मत घेण्याच्या तीन पद्धती होत्या. गुप्त, कानात सांगून, आणि उघड. गुप्त पद्धतीत प्रत्येकाला सांगत की ही शलाका या मताची, ही त्या मताची, तुला हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस. 'कोणाला दाखवू नकोस' हीच मतपेटी. पत्रा नंतर आला. खरं बोलायचं तर त्या नियमात आजच्या कायद्याला न पटणारी गोष्टही आहे. बहुमत अधर्माच्या बाजूने गेलं असं दिसलं तर शलाका वाटणारा ते मतदान नीट झालं नाही असं म्हणू शकत असे. आजच्या अधिकाऱ्याला ती मुभा नाही आणि नसावी. पण झाकून मत देण्याची कल्पना आपल्या मातीत होती हे नक्की.

याच देशात दुसरं एक उदाहरण नेहमी देतात. तमिळनाडूत उत्तिरमेरूर इथे दहाव्या शतकातला चोळांच्या काळचा शिलालेख आहे. नावाच्या ताडपत्राच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून लहान मुलाकडून चिठ्ठी काढत. ऐकायला छान. पण चिठ्ठीत नाव येण्यासाठी जमीन पाहिजे आणि वेदविद्या पाहिजे. म्हणजे मडकं होतं, पण त्यात आपली चिठ्ठी नव्हती. पेटी आहे का, एवढं विचारून भागत नाही. तिच्यात कोणाचा कागद पडू शकतो हेही विचारावं लागतं.

कागद मिळण्याची लढाई

इंग्रजांच्या राज्यात मत मिळायचं ते घरपट्टी, शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण पाहून. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे यांतलं काय असणार? २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला की अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणली पाहिजे. वय तेव्हा अवघं २७. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. शेवटी घटनेच्या ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत मिळालं. बाई असो, बापया असो, अंगठेबहाद्दर असो. पुढे १९८९ मध्ये ६१ व्या दुरुस्तीने वय १८ वर आलं आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी १९ वर्षांचा असताना पहिलं मत दिलं.

१९५१-५२ ची पेटी

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. मतदार सतरा कोटींच्या वर आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर. मग उमेदवाराचं नाव कोण वाचणार? त्यावर उपाय असा काढला की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवायची आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवायची. बैलजोडी काँग्रेसची, हत्ती शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, वडाचं झाड समाजवाद्यांचं, कणीस-विळा कम्युनिस्टांचा. मतदाराने कोरा कागद घ्यायचा, पडद्याआड जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत टाकायचा. शिक्का नाही, फुली नाही.

हे कागद आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापले. आकार एक रुपयाच्या नोटेएवढा. पेट्या देशभरात वीस लाखांहून जास्त लागल्या आणि त्यांना आठ हजार टनांवर पोलाद लागलं. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात थोड्या महिन्यांत तयार झाल्या. आपण डोंबिवलीकर रोज लोकलने ज्या विक्रोळीवरून जातो तीच ही विक्रोळी. पेटीची किंमत पाच रुपये ठरली होती. बाहेरून वेगळं कुलूप लावलं तर खर्च वाढत होता. तेव्हा कारखान्यातल्या नाथालाल पांचाळ नावाच्या कामगाराने आतल्या बाजूने बसणारी कळ सुचवली आणि काम भागलं. पुढाऱ्यांची नावं रस्त्यांना दिली जातात. त्या कामगाराचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला काय हरकत आहे?

लोकांना पेटी नवी होती. काही ठिकाणी मतदारांनी पेटीची पूजा केली. उघडल्यावर आतून फुलं, नाणी, गाऱ्हाण्याचे अर्ज असं काय काय निघालं. शहाणी माणसं तेव्हा हसली. मी हसत नाही. हजारो वर्षं ज्याचं कोणी ऐकलं नाही त्याला पहिल्यांदा एक भोक दिसलं ज्यातून त्याचं म्हणणं सरकारपर्यंत जाणार होतं. त्याने त्यात अर्ज टाकला, यात चुकलं काय?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यादीत नाव घालताना बऱ्याच बायकांनी आपलं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असं सांगितलं. अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. ज्याला स्वतःचं नाव नाही त्याला पेटी नाही, असा त्याचा अर्थ.

दोन कागद आणि माझा आजा

आता मुद्द्याचं सांगतो. तेव्हा काही मतदारसंघ दुहेरी होते. लोकसभेचे असे ८६. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदार सगळे तेच. प्रत्येकाला दोन कागद मिळायचे, दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायला. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एक धरला जाई आणि दुसरा बाद. म्हणजे 'कुजला'. मत कुजवणे हा शब्द तेव्हापासून आपल्या चळवळीत आहे.

बाबासाहेब उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर उभे होते आणि त्यांच्याबरोबर सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. आपल्या माणसाने एक कागद हत्तीला आणि एक झाडाला टाकायचा, समाजवादी मतदाराने एक झाडाला आणि एक हत्तीला, असं ठरलेलं.

माझा आजा त्याच मतदारसंघात होता. मुंबईत बदली कामगार, अक्षरशत्रू. माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे, चाळीतून त्याचा हात धरून मतदानाला गेलेले. आजा बाहेर आला तो छाती फुगवून. म्हणाला, "दोन्ही कागद हत्तीला दिलं. बाबाला सोडून दुसऱ्याला कशाला द्यायचं?" वडील हे सांगताना दर वेळी गप्प व्हायचे. मोठेपणी मला त्याचं कारण कळलं.

आजाची चूक नुसती अडाणीपणाची नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात अनेक जागांच्या मतदारसंघात आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती आणि ती सगळी मोजली जात. अल्पसंख्य समाजाला त्याचा फायदा होता. स्वतंत्र मजूर पक्षाने त्याच पद्धतीत यश मिळवलं होतं. जुन्या माणसांच्या डोक्यात तेच बसलेलं. पंधरा वर्षांनी नियम बदलला. पेटी बदलली, पण माणसाला ती कोणी समजावून सांगितली नाही, आणि सांगितली असेल तर मायेपुढे ती टिकली नाही.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. घटनेचा शिल्पकार १४,५६१ मतांनी पडला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहताही नऊ-साडेनऊ हजारांनी पडले. नंतर बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. त्यात बाद झालेल्या कागदांचा आकडा ७४,३३३ असा दिला होता, आणि दुसरं मत कुजवण्याचा प्रचार कम्युनिस्टांचे उमेदवार कॉ. डांगे यांच्या बाजूने झाला अशी तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला. पण आकडे बघा. फरक चौदा हजारांचा आणि कुजलेले कागद त्याच्या पाचपट.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्यातही अनेकजण ती चुकीची सांगतात. माझ्या आजाच्या दुसऱ्या कागदाने बाबासाहेबांचं नुकसान झालं नाही. हत्तीला त्याचा एक कागद मिळालाच. नुकसान झालं अशोक मेहतांचं. बाबासाहेबांचं नुकसान केलं ते दुसऱ्या वस्त्यांतल्या अशाच माणसांनी, ज्यांनी आपला दुसरा कागद हत्तीच्या पेटीत टाकण्यापेक्षा कुजवणं पत्करलं. आजाने प्रेमाने कुजवला, त्यांनी कोणी पक्षनिष्ठेने, कोणी विटाळाने. कागद मात्र सारखाच कुजला.

भंडारा

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. पुन्हा दुहेरी मतदारसंघ, पुन्हा बाबासाहेब आणि अशोक मेहता. मुंबईचा अनुभव ताजा होता. कार्यकर्ते म्हणू लागले की या वेळी आपली माणसं दुसरं मत कुजवू देत, म्हणजे समोरच्यांची बेरीज तरी कमी होईल. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने मताचा हक्क घटनेत लिहिला त्याने मत वाया घालवा असं सांगायचं नाही, अशी त्यांची भूमिका. ही हकिगत चळवळीतल्या अनेक जुन्या माणसांनी सांगितलेली आहे. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पडले. आपल्या लोकांचा दुसरा कागद मेहतांच्या पेटीत गेला. मेहतांच्या मतदारांचा दुसरा कागद बाबासाहेबांकडे पुरेसा आला नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी हट्ट केला नसता तर? मी या प्रश्नावर बरीच वर्षं विचार केला आहे. जिंकण्यासाठी आपण कागद कुजवायला शिकलो असतो, तर पुढे कुठल्याही युतीत आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि १९५७ साली काय झालं ते पाहा. बाबासाहेब आपल्यात नव्हते. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकत्र आले. मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून कॉ. डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने हे दोघेही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्यांचे दुसरे कागद एकमेकांसाठी कुजत होते त्या गिरणगावातल्या माणसांनी आता ते एकमेकांच्या पेटीत टाकले. दुसऱ्या कागदाची किंमत कळायला आपल्याला एवढं मोठं नुकसान सोसावं लागलं.

१९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ बंद झाले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वेगवेगळ्या पेट्याही गेल्या. कारण त्या पद्धतीत एक मोठी फट होती. कोरा कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणायचा आणि विकायचा, असे प्रकार घडत. मग सर्व उमेदवारांची नावं-निशाण्या असलेली एकच मतपत्रिका, फुलीचा शिक्का आणि सर्वांची मिळून एकच पेटी आली. आमच्या पिढीने पाहिली ती ही पेटी.

आमची पेटी

१९८२ चा गिरणी संप फुटला आणि वडिलांची नोकरी गेली तेव्हा आम्ही डोंबिवलीला आलो. इथली महापालिका १९८३ साली झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९९५ साल उजाडलं. बारा वर्षं प्रशासक. त्या १९९५ च्या निवडणुकीत मी मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. रात्रपाळी करून तसाच. सकाळी अधिकाऱ्याने पेटी उघडून सगळ्यांना रिकामी दाखवली, उलटी करून हापटली, कागदी सील घातलं, आम्ही त्यावर सह्या केल्या. संध्याकाळी सुतळी, लाख. जळलेल्या लाखेचा तो वास अजून नाकात आहे. रात्री ती पेटी ट्रकमध्ये चढेपर्यंत आम्ही चार पक्षांचे चार प्रतिनिधी तिच्याकडे बघत बसलो होतो. एकमेकांवर विश्वास नव्हता, पण पेटीवर चौघांची नजर होती. लोकशाही म्हणजे हेच असावं.

मग यंत्र आलं. केरळात परूरला १९८२ मध्ये ते प्रथम वापरलं. कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक १९८४ मध्ये रद्द केली, मग कायदा दुरुस्त झाला. १९९९ मध्ये शेजारच्या गोव्याची पूर्ण विधानसभा यंत्रावर झाली आणि २००४ मध्ये सगळ्या देशाची लोकसभा. यंत्राने काही चांगलं केलं. बाद मतांची भानगड संपली. माझा आजा आज असता तर त्याचा कागद कुजला नसता. शिक्के मारून पेट्या भरणाऱ्या गुंडांचंही फावेनासं झालं.

पण शंका आल्या. २०१३ पासून यंत्राला चिठ्ठीचं उपकरण जोडायला सुरुवात झाली. बटण दाबलं की काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खालच्या बंद पेटीत पडते. बघा, कागद पुन्हा पेटीत आला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मतपत्रिकेवर जाण्याची मागणी नाकारली. त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी आपल्या गावापुरतं कागदावर मतदान घेऊन बघायचं ठरवलं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. यंत्र खरं की खोटं याचा निवाडा मी या लेखात करणार नाही, तेवढं माझं ज्ञान नाही. मला वेगळी काळजी आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

खोली नंबर

कागदी मतदानाच्या काळात, जिथे लोकांना दमदाटीची भीती असेल तिथे निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. म्हणजे कुठल्या वस्तीने कोणाला मत दिलं ते कळू नये. यंत्रात हे मिसळणं राहिलं नाही. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा निघतो आणि तो उघड होतो. एका केंद्रावर हजारभर मतदार, म्हणजे चार-पाच गल्ल्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निवडणूक झाली, निकाल लागला. आमच्या गल्लीच्या गटाराचं काम अर्धवट होतं, म्हणून आम्ही पाचजण निवडून आलेल्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या शाळेच्या तीन नंबर खोलीतून मला एकेचाळीस मतं. आता तुम्हीच सांगा." आम्ही काय सांगणार? दोन पावसाळे ते गटार तसंच तुंबलं. आमच्यातल्या कोणाचं मत कोणाला हे त्यांना माहीत नव्हतं. पण वस्तीचं माहीत होतं आणि वस्ती म्हणजे आपण. ज्या एकेचाळीस लोकांनी त्यांना मत दिलं त्यांच्या दारातही तेच पाणी.

मत मोजताना अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं उपकरण, ज्याला टोटलायझर म्हणतात, ते वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवलं. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात तीच शिफारस केली. ते अमलात आलं नाही. यंत्रावर मोर्चे निघतात, पण या मागणीवर मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. आपण तरी ती मागणी लावून धरली पाहिजे. कारण बंगल्यातल्या माणसाचं मत कळलं तर त्याचं काही अडत नाही. नळ अडतो तो आपला.

पेटी, खोका आणि पेढी

शब्दही बदलले. आता मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख रुपये आणि खोका म्हणजे एक कोटी. २०२२ नंतर तर 'खोके' शब्द पोराटोरांच्या तोंडी बसला. मतदानाच्या आदल्या रात्री "पेट्या पोचल्या का?" असं कोणी विचारलं तर कोणत्या पेट्या हे आधी विचारून घ्यावं लागतं! आणखी एक शब्द, 'मतपेढी'. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ च्या एका निबंधात 'व्होट बँक' हा शब्द वापरला, त्याचं हे मराठी. वर्तमानपत्रात रोज वाचतो, दलितांची मतपेढी, अमक्यांची मतपेढी. पेटी आणि पेढी यांत एकाच अक्षराचा फरक, पण केवढा मोठा! पेटीत माणूस एकटा जातो आणि स्वतःच्या हाताने कागद टाकतो. पेढीत त्याचं खातं दुसराच कोणी चालवतो आणि व्याजही तोच खातो.

या सगळ्या इतिहासातून मला जे समजलं ते एवढंच. मतदाराला पेटी कळली पाहिजे, पण पेटीतून मतदार कळता कामा नये. १९५२ साली आपल्याला पेटी कळली नाही म्हणून कागद कुजले. आज पेटीतून आपण कळतो म्हणून गटार तुंबतं. आणि कधी पेटीच नसते. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ इथे पुन्हा प्रशासकच होता. त्या काळात किती जणांनी विचारलं, आमची पेटी कुठे आहे?

शेवटी विहाराबद्दल

दुसऱ्यांना बोललो, आता घरचं बोलतो. राग मानू नये. आपल्या विहाराची कार्यकारिणी आपण कशी निवडतो? सभा भरते, कोणीतरी नाव सुचवतो, कोणीतरी अनुमोदन देतो आणि हात वर होतात. पुढच्या ओळीत ज्येष्ठ मंडळी बसलेली, त्यांच्यासमोर कोण हात खाली ठेवणार? मागे बसलेल्या आपल्या बाया नवऱ्याच्या हाताकडे बघून हात वर करतात. मीही तसाच तीन वेळा बिनविरोध निवडून आलो आहे. मला खरोखर किती जणांची पसंती होती हे मला आजतागायत माहीत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने शलाका वाटली आणि कोणाला दाखवू नकोस म्हणून सांगितलं. आपण त्याच संघाला शरण जातो आणि हात वर करून निवडणूक उरकतो, हे बरं दिसत नाही. माझी नम्र सूचना अशी की या वर्षीपासून कार्यकारिणी चिठ्ठीने निवडावी. छापील मतपत्रिका, एक पडदा, एक पेटी. पेटी सगळ्यांना रिकामी दाखवावी, चार जणांनी सील करावी आणि मोजणी सर्वांसमोर व्हावी. मुलांच्या वर्गातली पोरं मोजायला बसवावीत. पत्र्याची पेटी मी करून देतो, आमच्या खात्यात वेल्डिंगचा माणूस ओळखीचा आहे.

त्या आठवीतल्या मुलाला मी पुढच्या रविवारी उत्तर दिलं. म्हटलं, बाळा, तुझं बरोबर होतं. दानपेटीसारखीच असते. दानपेटीत कोणी दहा टाकले, कोणी शंभर टाकले, हे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. फरक एवढाच की दानपेटीत ऐपतीप्रमाणे कमीजास्त पडतं. मतपेटीत टाटाचा एक आणि तुझ्या आईचाही एकच.

जयभीम! नमो बुद्धाय!